थिजवणात उणे बावन्न

आमच्या सोसायटीतले आहेरकाका एप्रिल महिन्यात, बाहेर बेचाळीस डिग्री असताना, दुधाची पिशवी घेऊन जिना चढता चढता सांगतात, "रात्री उणे बावन्न होतं. लांडगे नदीपर्यंत उतरले. बाकी नॉर्मल."

नाशिकरोडला अधूनमधून बिबट्या येतो. त्यामुळे आमच्या नव्या वॉचमनने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गेट लावून घेतलं आणि शाळेची रिक्षा बाहेरच थांबवली. मी सोसायटीचा खजिनदार, समजूत घालायला मलाच जावं लागलं. लांडगे आहेत, पण थिजवणात आहेत, असं मी सांगितलं. थिजवण कुठे, तर उत्तरेला. धुळ्याच्या पुढे का, असं त्याने विचारलं. बरंच पुढे, म्हणालो. मग त्याने गेट उघडलं.

थिजवण हा देश काकांनी स्वतः तयार केला आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर सगळी नोकरी काढलेला माणूस निवृत्तीनंतर गरम देश काढणार नाही, एवढं मला पटतं. तिथली झाडं रात्री थंडीने तडकतात आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यासारखा आवाज होतो. काचकोल्ह्याचे केस पारदर्शक असतात, त्यामुळे तो फक्त भूक लागल्यावर दिसतो. ढगरेडा साडेनऊ फूट उंच. त्याच्या पाठीवरचा बर्फ कधीच वितळत नाही आणि त्यात पांढऱ्या टिटव्या अंडी घालतात. रेडा बसला तर अंडी घरंगळतील, म्हणून तो त्या दिवसांत उभ्यानेच झोपतो.

एवढं मोठं जनावर बर्फात खातं काय, असं मी एकदा विचारलं होतं. पाळी संपताना पुढच्या माणसाला चार्ज द्यावा तशा आवाजात काका म्हणाले, "शेवाळ. रोज दीड क्विंटल. शिंगांनी उकरतात." आकडा तोंडपाठ असलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.

तक्रार आली ती खालच्या मजल्यावरच्या शिंदेबाईंची. भर दुपारी काका इतक्या मोठ्याने बोलतात की त्यांचा डोळा लागत नाही. सेक्रेटरी गावाला गेले होते, म्हणून मी वर गेलो.

काकू पलंगावर होत्या. त्यांना शुगर आहे हे मला माहीत होतं, तळपायांची इतकी आग होते हे माहीत नव्हतं. पायांवर ओला पंचा होता. काका शेजारी स्टुलावर बसून ओरडून सांगत होते, कारण काकूंना कमी ऐकू येतं. ढगरेड्यांचा कळप गोठलेल्या नदीकडे निघाला होता. नदीपलीकडे निळं कुरण होतं.

"दोन वर्षं झाली, चालतायतच," काकू मला म्हणाल्या.

रोज किती चालतात, असं मी विचारलं. बारा किलोमीटर, काका म्हणाले. नदी नऊशे किलोमीटरवर आहे हे काकूंनीच सांगितलं.

"मग अडीच महिन्यांत पोचायला हवे होते," मी म्हणालो.

काकू खूश झाल्या. "बघा. मी रोज हेच म्हणते. ती जनावरं पलीकडे गेली ना भाऊ, की मी पण सुटले. माझं ठरलंय तसं. पण हे पोचूच देत नाहीत."

काकांनी पंचा उचलला, बादलीत बुडवला, पिळला.

"एक रेडकू मागे राहिलं," ते म्हणाले. "सगळा कळप माघारी फिरला."

"अहो, किती रेडकं मागे राहतात तुमची?"

काकांनी पंचा पुन्हा काकूंच्या पायांवर घातला, कडा नीट बसवल्या, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी घसा साफ करून मोठ्याने म्हणालो, "काकू, हिशेब माझा चुकला. मी जमीन सपाट धरली. मध्ये घाट आहे. घाटात बारा किलोमीटर होत नाहीत."

"घाट आहे?" काकूंनी काकांना विचारलं.

"आहे," काका म्हणाले. "मोठा आहे."

उतरताना मी शिंदेबाईंची बेल वाजवली आणि सांगितलं, आवाज अजून काही वर्षं राहील.