गायकवाडमामांचा ओटा

गायकवाडमामांच्या केबिनच्या दारात उभं राहून बोलायची सोय नव्हती. कितीही घाई असो, "आधी टेका, मग बोला." टेकल्याशिवाय मामा मान वर करायचे नाहीत. भांडगावजवळच्या आमच्या कंपनीतले सगळे कॉम्प्युटर आणि बारकोडचे स्कॅनर त्यांच्या एका स्क्रीनवरून चालत. त्यामुळे मालक जरी आले तरी आधी त्या पत्र्याच्या खुर्चीवर टेकत.

मी स्टोअरला नवा लागलो तेव्हा पासवर्ड मागायला गेलो. मामांनी विचारलं, "ओट्यावर, का माजघरात?"

मला वाटलं, माणूस जेवायला बोलावतोय.

मग कळलं, मामांच्या लेखी ते सॉफ्टवेअर म्हणजे घर. ओट्यावरच्याने नुसतं बघायचं, कुठला स्कॅनर चालू आहे, कुठला चार्जिंगला लावलाय. माजघरातल्याने आपल्या खात्यापुरतं काम करायचं. आणि चूल म्हणजे सगळी सेटिंग. "चुलीपशी एकच माणूस पायजे. दोघांनी मीठ टाकल्यावर कालवणाचं काय हुतं?"

आमचे मॅनेजर देशमुखसाहेब यांना हे पटलं नाही. चूल पाहिजेच म्हणून हटून बसले. मामांनी दिली. साहेबांनी दुपारी दोन बटणं दाबली आणि पॅकिंगचे सगळे स्कॅनर मुके झाले. गेटवर ट्रक उभे, पॅकिंगच्या बायका हातावर हात ठेवून बसलेल्या. साहेब घाम पुसत आले, न सांगता टेकले आणि म्हणाले, "मामा, मला आपला ओटाच बरा." मामांनी सगळं सुरू केलं आणि वर चहा मागवला. ती गोष्ट आम्ही महिनाभर चघळली.

पुढे देशमुखसाहेब हेड ऑफिसचा हुकूम घेऊन आले. पॅकिंगच्या बायकांचा ओटा बंद करा, त्यांना बघून काय करायचंय? मामा एरवी नियमाला पक्के. पण त्या दिवशी त्यांनी कीबोर्ड पुढे सारला.

"साहेब, माजघरात घेऊ नका म्हणा, ऐकतो. पर ओट्यावरनं कुणाला उठवायचं मला जमायचं न्हाई. उठवायचंच आसंल तर आधी मला उठवा."

साहेब हुकमाचा कागद घेऊन निघून गेले. मी भडकलो. "मामा, नुसतं बघण्यापायी नोकरी घालवता का?"

मामा हसले. "माझी आय एका मोठ्या घरी धान निवडायला जायची. दिसभर अंगणात. ओटा दोन हातावर. मानसं वाईट नव्हती, पानी द्यायची वरनं ओतून. पर 'ये, टेक' म्हनलं न्हाई कवा कुणी."



साहेब मात्र ती ट्रकची दुपार विसरले नव्हते. त्यांनी वर फोन लावला आणि आमच्यादेखत सांगितलं, "बघून काही बिघडत नाही हो. बिघडतं ते माझ्यासारख्याने बटणं दाबून." ओटा राहिला, मामाही राहिले. बायकांनी पेढे वाटले, त्यातले दोन मी खाल्ले.

त्याच आठवड्यात पॅकिंगला एक वयस्क बाई नव्याने लागली. पासवर्ड घ्यायला आली आणि दाराबाहेरच थांबली.

"मी हितंच बरी हाय, साहेब."

मामा सगळ्या बायकांना ताई म्हणत. त्या दिवशी ते उठले, आपल्या रुमालाने खुर्ची पुसली आणि म्हणाले, "आई, आधी टेका."

ती टेकली. मामा मात्र बराच वेळ उभेच होते.