आर्णी तालुक्यातील महासागर

समुद्र ही मुळात भौगोलिक बाब नसून प्रशासकीय बाब आहे. परवानगी मिळाली की समुद्र असतो. नाही मिळाली तर ते नुसतं पाणी.

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र मिळाला तो कापसाचा भाव मातीत गेला त्या वर्षांत. तेव्हा जिल्ह्याला सगळंच मिळत होतं. पाहणी पथकं मिळाली, समित्या मिळाल्या, त्या समित्यांचा अभ्यास करणाऱ्या समित्या मिळाल्या, मनोबल वाढवणारी भाषणं मिळाली (भाव तेवढा मिळाला नाही, पण माणसाने किती मागावं?). त्यातच कोणीतरी अशी सवलत काढली की, संकटग्रस्त जिल्ह्यात जो उद्योग येईल त्याला जागा, पाणी आणि जनतेचं सहकार्य फुकट. मुंबईच्या एका सिनेमा कंपनीने ती वाचली. कंपनीकडे चित्रपट तयार होता, फक्त समुद्र यायचा होता. जहाज बुडतं, एक आई तान्ह्या बाळासह लहानशा नावेत उरते आणि अथांग महासागरात एकटी झुंजते, अशी थरारक कथा. मुंबईचा समुद्र महाग होता, शिवाय त्याच्या लाटा कोणाचं ऐकत नसत. आर्णीजवळच्या धरणाचं पाणी त्या मानाने फार समजूतदार निघालं.

या धरणाच्या काठावर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथे रंजिता राहायची. घरात नवरा देवसिंग, सासू मोतीबाई आणि अजून रांगायला न लागलेला बादल. रंजिताने समुद्र पाहिला नव्हता. त्यामुळे सकाळी घागर घेऊन आली आणि पाण्याजवळच्या शिपायाने "इथून महासागर आहे, पलीकडून भर" असं सांगितलं, तेव्हा ती मुकाट्याने पलीकडे गेली.

कंपनीने बाळ मुंबईहूनच आणलं होतं. पण ते असं गुटगुटीत होतं की समुद्रात भुकेने तळमळणारं बाळ म्हणून कोणाच्या गळी उतरेना. दिग्दर्शक साहेब अस्सलपणाच्या बाबतीत कडक. त्यांनी तांड्यातली तान्ही लेकरं शाळेच्या ओसरीवर मागवली. राजदीप नावाचा यवतमाळचा तरुण कंपनीचा स्थानिक समन्वयक होता (आधी लग्नाचे व्हिडिओ काढायचा, हे पदही त्याला भावुक प्रसंगांच्या अनुभवावरच मिळालं). दिग्दर्शक साहेबांनी बादलच्या बरगड्यांवरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वहिनी, तुमचं पोट्टं पास झालं," राजदीप म्हणाला.

"कायच्यात?"

"उपासमारीत."

रंजिताला बरं वाटलं की वाईट, हे तिला चटकन कळेना. तांड्यात येणाऱ्या नर्सबाई दर महिन्याला बादलला काट्यावर ठेवायच्या आणि वजन पाहून रंजितावर डाफरायच्या. त्याच वजनाकडे पाहून आज एक मोठा माणूस वा वा म्हणत होता.

"पर तो लय अशक्त हाय, भाऊ. पान्यात कायले नेता त्याले?"

"डॉक्टर हाये ना काठावर! मुंबईचा. दिवसभर लक्ष ठेवते."

डॉक्टर या शब्दावर रंजिता वितळली. तांड्याला डॉक्टर म्हणजे आर्णीचा रस्ता, आणि त्या रस्त्याला वाहन म्हणजे नशीब. ती हो म्हणाली. देवसिंगलाही काम मिळालं. धरणात लाटा नसल्यामुळे कंपनीने लाटा विभाग उघडला होता. तांड्याचे गडी काठाशी गुडघाभर पाण्यात उभे राहून लांब फळ्या मागे-पुढे ढकलायचे आणि महासागर खवळायचा. देवसिंग या विभागात लागला. त्याला गमबूटही मिळाले. त्यांत दिवसभर पाणी साचून राहत असे, पण ते त्याने घरी सांगितलं नाही.

डॉक्टर खरोखरच होता आणि बादलचं वजन रोज करत होता. दोन-चार दिवसांत रंजिताच्या ध्यानात आलं की वजन जरा वाढलं की त्याचा चेहरा पडतो. तिने राजदीपला विचारलं.

"वहिनी, असं आहे," राजदीपने समजावलं, "सिनेमात लेकरू दहा दिवसांपासून उपाशी हाये. उद्या ते जाड दिसलं तर लोक म्हणतील, समुद्रात याले कोण खाऊ घालून राह्यलं? याले कंटिन्युटी म्हनते."

"म्हनजे मी पाजू नोको?"

"पाजा ना! पण थोडं. कलेसाठी."

रंजिता त्यानंतर चोरून पाजायला लागली. स्वतःच्या लेकराला स्वतःचं दूध, आणि तेही पदर ओढून, कापडी तंबूच्या मागे, कोणी येतंय का पाहत. आणि त्याच वेळी तंबूच्या पुढे नायिका बाई आईच्या दुधाची ताकद या विषयावर वाहिनीला मुलाखत देत होत्या. (त्या फार मनापासून बोलल्या. भूमिकेसाठी त्यांनी दोन महिने आरशासमोर मातृत्वाचा सराव केला होता.)

पुढची अडचण रडण्याची. रंजिता दिसली की बादल हसायचा. बुडत्या नावेतलं बाळ हसलं तर कथेचा पायाच खचतो. म्हणून काठावर एक दोरी बांधून आदेश निघाला: चित्रीकरण चालू असताना बाळाच्या जन्मदात्रीने दोरीच्या अलीकडे, झुडपाच्या आड, आवाज न करता थांबावे. मातृत्वावरच्या चित्रपटाला आईचा एवढाच काय तो अडथळा होता, तोही दूर झाला.

मोतीबाईने हे ऐकलं आणि चिलीम बाजूला ठेवली. "याईले लेकरू पायजे, अन् लेकराची याडी नोको? मंग सिनेमा कोनावर हाय, बकरीवर?" (याडी म्हणजे बंजाऱ्यांची आई.)

"याडीवरच हाय," रंजिता म्हणाली.

वादळाच्या प्रसंगाच्या दिवशी दुपारी खरंच वारा सुटला. नावेला बांधलेला दोर कॅमेऱ्यात दिसतो म्हणून तो काढून टाकला होता. मोटरबोट दिसते म्हणून ती दूरच्या वळणाआड लपवली होती. नायिका बाईंच्या फाटक्या साडीखाली फुगवलेलं जॅकेट होतं. बादलच्या अंगावर एक फडकं, कारण जॅकेट घातलं असतं तर बरगड्या झाकल्या असत्या. वाऱ्याने नाव आत ओढली. नायिका बाई किंचाळल्या. तसं किंचाळणं त्यांच्या कोणत्याही सिनेमात नव्हतं.

"कोई कट नहीं बोलेगा!" दिग्दर्शक साहेब ओरडले. "लहरें बढ़ाओ!"

लाटा विभाग जोरात लागला. नावेत पाणी यायला लागलं. नायिका बाईंनी दोन्ही हातांनी नावेची कड धरली. बाईंना हात दोनच, त्यामुळे बादल मांडीवरून घसरून नावेच्या तळाला गेला.

झुडपाआडून रंजिताला तो दिसेनासा झाला. आवाज मात्र येत होता. मग तोही तुटक यायला लागला, जसा तोंडात पाणी गेल्यावर येतो.

ती दोरी ओलांडून देवसिंगकडे धावली. "थांबव ते! लेकरू बुडून राह्यलं!"

देवसिंगच्या हातात फळी होती. त्याने नावेकडे पाहिलं, मग काठावरच्या साहेबांकडे. "त्यायनं थांबा म्हनलं नाई ना अजून," तो म्हणाला, आणि सवयीने फळी आणखी एकदा ढकलली. ती लाट त्याच्या स्वतःच्या लेकराच्या नावेला जाऊन लागलेली त्याने पाहिली. तेव्हा कुठे त्याच्या हातून फळी सुटली.

तोवर रंजिता पाण्यात शिरली होती. तिला पोहता येत नव्हतं. ती बुडायच्या तयारीनेच उतरली होती. फक्त बुडायच्या आधी नावेला हात लागावा, एवढाच तिचा हिशोब. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. पुढच्या पावलाला आपण संपलो असं तिला वाटलं. पण पुढच्या पावलालाही पाणी छातीलाच होतं. त्याच्या पुढेही. पाऊस बेताचा झालेल्या त्या वर्षी महासागराची खोली तेवढीच होती.

ती चालत गेली. कॅमेरा चालू होता. अथांग सागराच्या मधोमध एक बाई घागरा फुगवून, काचांची चोळी चमकवत, सरळ चालत निघाली होती.

"ये कौन है? हटाओ इसको! समंदर का सत्यानाश कर दिया!"

"मेरे पास मत आना, नाव उलट जाएगी!" नायिका बाई ओरडल्या.

रंजिताने एका हाताने कड धरली आणि दुसऱ्या हाताने तळाच्या पाण्यातून बादलला उचललं. त्याचे ओठ निळे पडले होते. तिने त्याला उलटा धरून पाठीवर थापट्या मारल्या. त्याने पाणी ओकलं, आईचा चेहरा पाहिला, आणि इतके दिवस ज्याची भीती होती तेच केलं. तो हसला. ध्वनिमुद्रकाने डोक्याला हात लावला.

काठावर आल्यावर डॉक्टर वजनकाटा घेऊन पुढे आला. देवसिंगने तो काटा घेतला आणि धरणात फेकला. मग गमबूट काढले, पाणी ओतलं आणि तेही फेकले. रंजिताकडे पाहायची मात्र त्याची हिंमत झाली नाही. घरापर्यंत तो तिच्या मागून चालला, अनवाणी, आणि ती एकदाही मागे वळली नाही.

उरलेला चित्रपट रबरी बाहुलीवर पूर्ण झाला. रडण्याचा आवाज बादलचा होताच. रंजिता पाण्यात चालते तो भाग संकलकाने कापला. त्याचं म्हणणं, हे खोटं वाटतं, आई असं करत नाही. चित्रपटाला बक्षिसं मिळाली. एका समीक्षकाने बाहुलीच्या डोळ्यांतल्या अगतिकतेवर दीड रकाना लिहिला.

पुढच्या वर्षी यवतमाळात मातांसाठी त्याचा खास खेळ झाला. राजदीपने आठवणीने पास पाठवला (तो माणूस वाईट नव्हता, फक्त समन्वयक होता). रंजिता बादलला कडेवर घेऊन दुपारच्या बसने गेली. दारावरच्या माणसाने पास पाहिला, मग कडेवर पाहिलं.

"लेकरू आत चालत नाही, बाई. लोकांना त्रास होतो."

"सिनेमातलं लेकरू हेच हाय, भाऊ."

"असू दे. आतलं रडते तेवढं पुरे आहे."

ती पायरीवर बसली. थोड्या वेळाने दाराच्या पडद्यामागून बादलचं रडणं आलं, तेच, तोंडात पाणी गेलेलं. तिने बादलला इतकं घट्ट आवळलं की तो घाबरून मोठ्याने रडायला लागला.

आत सगळे हुंदके देत होते. त्यातून कोणीतरी ओरडलं, "ते बाहेरचं पोट्टं कोनी गप्प करा ना बे! इथं आई मरून राह्यली!"

ते तुम्ही मनाला लावून घेऊ नका. इतका हृदयस्पर्शी प्रसंग चालू असताना कोणीही ओरडलं असतं. तुम्ही ओरडलात, एवढंच.