चिपाड बँडचा भव्य सत्कार

जागतिक महिला दिन तोंडावर आल्याने महिलांसाठी काहीतरी करणे भाग आहे, असा ठराव सावेडीच्या उन्नती सांस्कृतिक मंडळाने एकमताने मंजूर केला. बैठकीला एकही महिला नसल्यामुळे मतभेदाचा प्रश्न उद्भवला नाही. चहा मात्र अध्यक्ष कानिफनाथ यांच्या पत्नीने पाठवला होता, त्यामुळे महिलांचा सहभागच नव्हता, असेही म्हणता येणार नाही.

"यंदा रांगोळी नको, पाककला नको," सचिव हनुमंतराव शेटे म्हणाले. "आपण मुलींचा रॉक बँड आणू."

"म्हणजे वरातीचा?"

"वरातीचा नव्हे, रॉक बँड. गाणारी मुलगी, गिटारवर मुलगी, ड्रमवर मुलगी."

"आणि मग मुलं काय करणार?" अध्यक्षांनी काळजीने विचारले.

"ऐकणार," हनुमंतराव म्हणाले. ही कल्पना सभेला इतकी नवीन वाटली की विरोध कसा करावा हेच कोणाला सुचले नाही आणि विषय मंजूर झाला.

हनुमंतरावांना हा नाद कॉलेजात असल्यापासूनचा. मित्राच्या खोलीवर त्यांनी एक कॅसेट ऐकली होती. परदेशी बायकांचा बँड होता. शब्द एकही कळला नाही; पण ती बाई ज्या जोरात ओरडली, तशी आपली आई जन्मात कधी ओरडली नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले. तेव्हापासून जगात कुठेही एखाद्या बाईने गिटार उचलली की सावेडीत हनुमंतरावांना बातमी लागे. जपानच्या पोरी, ब्राझीलच्या बहिणी, फिनलंडच्या आज्या, सगळ्यांचे ते जाणकार. विमा कंपनीतली नोकरी ते पोटासाठी करत; खरे आयुष्य हेडफोनमध्ये होते.

"मालन, बाई ड्रम वाजवते ना, तेव्हा ठोका वेगळाच पडतो," ते बायकोला सांगत.

"कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात," मालनताई म्हणत. "त्याही बाईनंच मोजल्यात. उठा, गॅस बंद करा."

हनुमंतराव उठत नसत. गाणे मध्येच सोडणे त्यांना कलाकाराचा अपमान वाटे.

बेलापूरच्या तीन मुलींनी 'चिपाड' नावाचा बँड काढला आहे, असे कळताच ते स्कूटर घेऊन निघाले. सराव चालायचा अर्शीच्या वडिलांच्या, गनीभाईंच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये. अर्शी ड्रमवर, मोनिका गिटारवर आणि संस्कृती गाणारी.

"चिपाड हेच नाव का?" हनुमंतरावांनी विचारले.

"उसाचा रस सगळेच पितात काका," संस्कृती म्हणाली. "पेटतं ते चिपाड."

मग तिघींनी 'भाकर तुझी तू थाप' हे आपले गाणे वाजवले. पहिल्याच ठोक्याला शेडचा पत्रा थरथरला. संस्कृतीचा आवाज वर चढला, मोनिकाच्या गिटारने त्याला खालून ढुशी दिली, आणि हनुमंतराव लोखंडी पाइपांच्या ढिगावर बसून चक्क रडले. कॅसेटमधली बाई सात समुद्रापलीकडची होती. ही पोरगी श्रीरामपूरच्या एसटीने कॉलेजला जात होती.

"काका, एक विचारू का?" अर्शीने ड्रमच्या आत हात घालून एक शाल नीट केली. "तुमी आमाला वाजवू देनार ना? का नुसता सत्कार?"

"म्हणजे?"

"आतापत्तुर जिथं गेलो तिथं सत्कारच झाला. भाषनं लांबतात, मग म्हनतात, येळ न्हाई उरला. शाली लई झाल्यात. आवाज घुमू नये म्हनून ड्रममधी कोंबल्यात."

"माझ्यावर विश्वास ठेवा," हनुमंतराव छातीवर हात ठेवून म्हणाले. "मी चाहता आहे."

तिघींनी एकमेकींकडे पाहिले. चाहत्याचा अनुभव त्यांना अजून नव्हता.

कार्यक्रमाच्या परवानगीसाठी हनुमंतराव एका सरकारी कार्यालयात गेले. तिथले भागवत भाऊसाहेब सज्जन गृहस्थ होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. अडचण तिथूनच सुरू झाली.

"रॉक म्हणजे दगड," भागवत म्हणाले. "दगडाचा विषय गौण खनिजात येतो. तिकडची ना-हरकत लागेल."

"अहो, हे संगीत आहे."

"मग तसं लिहा. आमच्याकडे प्रकार ठरलेले आहेत. भजनी मंडळ, वाद्यवृंद, डीजे. डीजेला बंदी आहे. वाद्यवृंदात पुरुष गायक किती?"

"एकही नाही."

"मग जबाबदार व्यक्ती कोण?"

बऱ्याच विचारविनिमयानंतर 'महिला भजनी मंडळ (विजेवर चालणारे)' अशी परवानगी मिळाली. कलाकार महिला असल्याने त्यांच्या सुरक्षिततेसाठी मंचावर पुरेशा संख्येने पुरुष असावेत, अशी अट पडली. पुरेशी संख्या म्हणजे किती, याचा खुलासा नसल्यामुळे मंडळाने सगळ्याच पदाधिकाऱ्यांना मंचावर बसवायचे ठरवले. पदाधिकारी मंचावर बसणार म्हटल्यावर त्यांचा परिचय करून देणे आले. परिचय झाल्यावर दोन शब्द बोलायला न लावणे बरे दिसले नसते.

भजनी मंडळ म्हटल्यावर गीताची तपासणी करायला उपसमिती नेमण्यात आली. तिला आशय आवडला. फक्त 'तुझी तू' हा एकेरी उल्लेख खटकला. श्रोत्यांत ज्येष्ठ नागरिक असतात. सुधारित ओळ अशी ठरली: 'भाकर आपली आपण थापावी, ही नम्र विनंती.'

हनुमंतरावांनी जड मनाने मुलींना फोन करून ती ओळ सांगितली. पलीकडून मोनिकाने ती ओळ गिटारवर बसवून पाहिल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिघींच्या हसण्याचा.

"चालेल काका," संस्कृती हसू आवरत म्हणाली. "तुमी म्हनाल ते लावू. फक्त वाजवू द्या."

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात, दुपारी. संध्याकाळी तिथेच कोणाचा तरी साखरपुडा असल्याने हॉल पाचला रिकामा करून द्यायचा होता. गनीभाईंच्या टेम्पोतून ड्रम उतरले. मंचावर पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्या मांडल्यावर ड्रमसाठी जागा उरली नाही. म्हणून ते पडद्यामागे, अगदी सन्मानपूर्वक ठेवण्यात आले.

दीपप्रज्वलन झाले. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि त्यांनी स्त्रीशक्तीवर विस्ताराने प्रकाश टाकला. स्त्रीला व्यासपीठ दिले पाहिजे, असे ते व्यासपीठावरून बोलले. त्यांच्यानंतरचे वक्ते म्हणाले की बोलण्यासारखे काही उरलेले नाही आणि मग त्याबद्दल सविस्तर बोलले. पडद्याच्या कडेला अर्शी ड्रमच्या काड्या मांडीवर आपटत बसली होती. हनुमंतराव घड्याळाकडे पाहत तळमळत होते. चारला वीस मिनिटे कमी असताना अध्यक्षांनी माईक त्यांच्या हातात दिला.

"दोन मिनिटांत बँडची ओळख करून द्या आणि सुरू करा."

हनुमंतराव उभे राहिले. समोर भरलेला हॉल होता. आयुष्यभर त्यांनी जे कुकरच्या शिट्ट्यांच्या वर आवाज चढवून मालनताईंना सांगितले होते, ते ऐकायला आज इतकी माणसे बसली होती, आणि कोणालाही गॅस बंद करायला उठायचे नव्हते.

"मित्रहो," ते म्हणाले, "चिपाड समजून घ्यायचा असेल, तर थोडं मागं जावं लागेल."

ते मागे गेले. गिटारला वीज जोडली गेली त्या काळापर्यंत गेले. तिथून निघून मजल दरमजल करत एकेक देश घेतला. जगाने कसे बायकांच्या हातातले वाद्य हिसकावले, कसे त्यांना बोलू दिले नाही, कसे दरवेळी कोणीतरी पुरुष मध्येच उभा राहिला, हे त्यांनी हात उंचावून सांगितले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्यांनी त्यांना ब्राझील आठवले.

"काका," संस्कृतीने पडद्याआडून शर्ट ओढला. "साडेचार झाले."

"थांब बाळा," हनुमंतराव माईकवर हात ठेवून कुजबुजले. "तुमचंच सांगतोय."

जपानमधून ते बाहेर पडले तेव्हा मागच्या बाजूने साखरपुड्याची फुले आत येऊ लागली होती. कार्यालयाच्या व्यवस्थापकाने वायर गुंडाळायला घेतली. अध्यक्ष लगबगीने उठले, "वेळेअभावी" हा शब्द उच्चारला आणि तिघींना शाल, श्रीफळ देऊन उभ्या उभ्या भव्य सत्कार केला. अर्शीने शालीकडे पाहिले, मग हनुमंतरावांकडे. तिने शालीची घडी काखेत मारली. ती भांडली असती तर हनुमंतरावांना बरे वाटले असते.

लोक मात्र त्यांच्याभोवती गोळा झाले. "शेटे, काय बोललात! अंगावर काटा आला!" हार पडला. प्रमुख पाहुण्यांसोबत फोटो ठरला. इतक्यात इमारतीच्या मागून एक ठोका ऐकू आला.

मागे आचाऱ्याच्या अंगणात साखरपुड्याच्या पुऱ्या लाटायला बायका बसल्या होत्या. टेम्पोत सामान भरणाऱ्या पोरींना त्या बायकांतली आक्काबाई म्हणाली होती, "एवढं वझं आनलं, वाजावलं व्हय?"

"न्हाई."

"मंग हितं वाजवा की. आमाला कुठं भाषान करायचंय!"

कणकेच्या यंत्राची पिन काढून मोनिकाने तिथे आपली पिन लावली. गाणे मूळ शब्दांसकट सुरू झाले. 'भाकर तुझी तू थाप!' बायका आधी हसल्या, मग लाटणी पोळपाटावर आपटू लागल्या. आवाज भिंतीतून हॉलमध्ये शिरला. हनुमंतराव जागच्या जागी ताठ झाले. तोच ठोका, तोच चढलेला आवाज! ते निघाले.

"एक मिनिट शेटे, इकडे बघा," फोटोग्राफर म्हणाला. "अजून एक. पाहुण्यांचे डोळे मिटलेत."

हार सावरत ते धावत मागे पोचले, तेव्हा झांजेचा शेवटचा झणझणाट हवेत विरत होता. कढईत एक घाणा करपून काळा झाला होता आणि त्याचे कोणालाच काही वाटत नव्हते. हॉलमधून कधीतरी उठून आलेल्या मालनताई त्या बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांचे केस सुटले होते, गाल लाल झाले होते आणि हातात कोणाचे तरी लाटणे होते. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण हा चेहरा हनुमंतरावांनी कधी पाहिला नव्हता.

"कसं झालं गं?" त्यांनी विचारले.

मालनताई सांगायला गेल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिले आणि लाटणे खाली ठेवले.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. "जाणकार तुम्ही."

दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'महिला रॉक बँडने सावेडीकर मंत्रमुग्ध.' फोटोत हनुमंतराव आणि पाहुणे होते. लोकांचे फोन येत राहिले. पोरी काय सुंदर वाजवतात, असे प्रत्येक जण म्हणाला. हॉलमध्ये बसलेलेही म्हणाले. हनुमंतरावांनी सुरुवातीला एक-दोघांना दुरुस्त केले, मग आभार मानू लागले. पुढे त्यांनी मंडळाच्या स्मरणिकेत बँडवर एक लेखही लिहिला. तो सर्वांना आवडला.

तुम्हीही इथपर्यंत वाचलेत, म्हणजे तुम्हालाही मुलींच्या बँडबद्दल आस्था आहेच. चिपाड येत्या रविवारी दुपारी बेलापूरच्या बाजारतळावर वाजवणार आहे. तिकीट नाही, भाषणे नाहीत. येण्याचा आग्रह नाही. रविवारी प्रत्येकाला कामे असतात. पण मनापासून कौतुक आहे, एवढे मात्र जरूर कळवा. मुलींच्या ड्रममध्ये अजून एका शालीपुरती जागा आहे.