पोटाचं यंत्र आणि अकरा ऑक्टोपस

लावा पैज. ही गोष्ट कुठं जाऊन थांबते ते आधीच ओळखून दाखवा, पांढऱ्या दारूची अख्खी किटली माझ्याकडून. मोक्पो बंदराच्या बाजारात आजवर बेचाळीस जणांना सांगितली, एकालाही जमलं नाही. (एकाला जमलं होतं, पण तो तेव्हा मासे तोलत होता, मी ऐकू न आल्यासारखं केलं.)

मी मेंग दलसू. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना कागद लावले. आकडे मला येतात, टेप धरून धरून आले. अक्षरांचं आणि माझं मात्र लहानपणीच फाटलं, ते फाटलंच. बायको सुनदोक, तिचंही तेच होतं. पण दोन वर्षांपूर्वी ती म्हाताऱ्या बायकांच्या साक्षरता वर्गात जायला लागली. सगळ्या आज्या एका सुरात मुळाक्षरं "गा, ना, दा, रा" ओरडतात. मी त्याला कावळ्यांची शाळा म्हणायचो. म्हणायचो. आता म्हणत नाही. का, ते कळेलच.

तर झालं असं. एक दिवस गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीतून छापील कागद आला. सुनदोक बोट ठेवून वाचायला लागली.

"पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला बैठकीत फोटोवाला येणार. दीर्घायुष्याचे फोटो. फुकट."

दीर्घायुष्याचा फोटो म्हणजे आपण गेल्यावर फुलांच्या मधोमध ठेवतात तो. आधीच काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणतात. नाव गोड ठेवलंय, एवढंच.

मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. "मी लग्नातला सूट घालणार."

आता त्या सुटाचं सांगतो. माझ्या लग्नात माझ्याकडं धड सदरा नव्हता. सासऱ्यांनी गोठ्यातलं एकुलतं एक वासरू विकलं आणि मला काळा लोकरी सूट शिवला. म्हणाले, "जावईबापू, हा शेवटपर्यंत पुरेल." माझ्यासारख्या खळ ढवळणाऱ्या पोरावर इतका भरवसा जगात दुसऱ्या कुणी ठेवला नाही. शेवट म्हणजे हाच की! उद्या वर गेल्यावर म्हातारा दारातच उभा असणार, पहिलं विचारणार, "वासरू कुठाय?" फोटोत सूट दिसलाच पाहिजे.

पेटीतून काढला. कोट बसला. कोटाचं काय, उघडा सोडला की बसतो. पँट मात्र गुडघ्यापर्यंत प्रेमानं आली, मांडीवर कुरकुरली, आणि पोटापाशी येऊन म्हणाली, आपण कोण? चार बोटं कमी. (माझी बोटं. कागद लावणाऱ्याची. जाड.)

"तीस तारखेपर्यंत पोट कमी करतो," मी म्हणालो.

"अहो, पण या कागदात पुढं लिहिलंय की..."

"दोन वर्षं कावळ्यांच्या शाळेत गेलीस म्हणून मला कागद वाचून दाखवू नकोस. फोटो, तीस तारीख, फुकट. कळलं मला. पुरे."

तिनं कागदाची घडी घालून ठेवून दिली. (हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ते यंत्र बघितलं. एक पोरगी गादीवर गुडघे टेकून, दांडा धरून, वाकड्या रुळावरून सरकत वर जात होती आणि खाली येत होती. पोट असं की त्यावर कपडे इस्त्री करावेत. बाजूला एक बाई किंचाळत होती, "शेवटचे चाळीस नग! शेवटची चार मिनिटं!" मी फोनवर झडप घातली.

सुनदोक म्हणाली, "चप्पल शोधायला अर्धा तास लागतो तुम्हाला. आणि हे चार मिनिटांत?"

यंत्र आलं. सोबत चित्रांचा कागद होता. चित्रं मला समजतात. दोन तासांत उभं केलं, वर चार स्क्रू उरले. मी म्हणालो, कंपनी दिलदार आहे, जास्तीचे दिलेत. गादीवर गुडघे टेकले, दांडा धरला, पोट आवळलं, आणि ती गादी वर जायच्या ऐवजी जी खाली सुटली, मी सरळ डोक्यानं जाऊन किमचीच्या फ्रिजवर धडकलो. फ्रिजचं दार उघडलं. वरच्या डब्यातल्या आंबवलेल्या मुळ्याचा लाल रस माझ्या मानेवरून पाठीत शिरला.

सुनदोक आली. आधी किमचीचा डबा उचलला. मग मला. मग तो कागद घेतला आणि बोट ठेवून वाचलं, "रूळ... उ... लट... लावू... नये. अहो, पहिलीच ओळ आहे."

तिनंच रूळ सुलट केला. चारही स्क्रू बसवले. आणि म्हणाली, "उद्यापासून मी समोर बसून मोजते. नाहीतर तुमचा फोटो उद्याच लागेल."

तेव्हापासून रोज सकाळी नऊ वाजता आमचा कार्यक्रम. मी सरकणार, ती मोजणार. आकड्यांनी नाही मोजायची हं, वर्गातला अभ्यास पक्का व्हावा म्हणून अक्षरांनी. गा, ना, दा, रा, अशी चौदा अक्षरं, म्हणजे चौदा खेपा. ती तक्ता उंच धरायची आणि ज्या अक्षरावर मी थांबेन ते मोठ्यानं म्हणायला लावायची. नाही आलं की परत पहिल्यापासून. पोट वाचवायचं तर अक्षरं शिका, असा सौदा. वर घरभर चिठ्ठ्या डकवल्या. मिठाला मीठ, साखरेला साखर, माझ्या उशीला "आळशी". जन्मभर लोकांच्या घरांना कागद लावले, आता माझ्या घराला बायको लावत होती.

यंत्र आपटायचं धप, धप, धप. मी कण्हायचो, "आई गं, मेलो, बास!" ती ओरडायची, "थांबू नका! अजून! आणखी एक!"

आता आमच्या खालच्या मजल्यावर ग्वाक वहिनी राहतात. विधवा, बाजारात मासे विकतात, आवाज बंदरापर्यंत जातो. वरच्यानं धपधप केली की खालच्याकडं फळं घेऊन माफी मागायला जायचं, ही आमच्याकडची रीत. आठव्या दिवशी मी पेअरची पेटी घेऊन गेलो.

"वहिनी, सकाळी आमच्याकडून जरा आवाज होतो. माफ करा. या वयात नवीनच सुरू केलंय, अंदाज येत नाही."

"माफी कसली भावजी! उलट ऐकून बरं वाटतं. संसार असावा तर असा." त्यांनी पदरानं पुसावेत तसे बाहीनं डोळे पुसले. "रोज?"

"रोज. रविवारी दोनदा."

"दोनदा!" पेटी त्यांच्या हातातून निसटता निसटता राहिली.

"सुनदोक ऐकतच नाही. मी दमलो तरी सोडत नाही."

"सुनदोक? इतकी गरीब दिसते हो!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भला माणूस असता तर तिथंच म्हणाला असता, वहिनी, यंत्र आहे, पोटाचं. मी मान खाली घातली, उसासा टाकला आणि म्हणालो, "काय सांगू वहिनी. कंबर आता साथ देत नाही."

दुसऱ्या दिवशी दारात बादली. बादलीत जिवंत ऑक्टोपस. आमच्या किनाऱ्यावरच्या चिखलातला, बारीक पायांचा. नांगराला जुंपलेला बैल उन्हात कोसळला की तोंडात हा एक कोंबतात, बैल उठून उभा राहतो म्हणतात. मी कोसळलेला बैल आहे असं वहिनींनी ठरवलं होतं. दर दोन-तीन दिवसांनी एक यायचा. मी तिळाच्या तेलात बुडवून खायचो आणि मनात त्यांना दुवा द्यायचो.

"ग्वाक ताई इतके ऑक्टोपस का देतात?" सुनदोक विचारायची.

"माझ्या तब्येतीची काळजी आहे त्यांना."

"तुमच्या तब्येतीत त्यांना काय रस?"

"विचार त्यांनाच," मी म्हणायचो आणि तोंडात एक पाय सरकवायचो. तो माझ्या जिभेला चिकटायचा. (तेवढाच वेळ मी गप्प.)

असे अकरा झाले. मग आला शुक्रवार, सुनदोकचा सार्वजनिक न्हाणीघराचा दिवस. ती आत गेली आणि सगळ्या बायका एकदम गप्प. एकीनं न सांगता तिची पाठ चोळून दिली. दुसरीनं थंड दूध आणून दिलं. तिसरी म्हणाली, "सुनदोक, आमच्या म्हाताऱ्याला पण जरा शिकव की. तू नेमकं करतेस तरी काय?"

बिचारी म्हणाली, "मी काही करत नाही गं. मी नुसती मोजते."

न्हाणीघरात असा हशा पिकला की बाहेर तिकीटवाला आत डोकावायला निघाला होता, त्याला त्याच्या बायकोनं धरलं.

सुनदोक ओल्या केसांनी घरी आली. चेहरा किमचीपेक्षा लाल. "ह्येरिमचे बाबा!" मुलीचं नाव लावून हाक मारली की समजावं, आज जेवण नाही. मी खरं सांगितलं आणि इतका हसलो की त्या दिवशी यंत्राची गरज पडली नाही. ती हसली नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वाटलं, झालं, आता मोजायला कोण बसणार? पँटचं बटण काजापासून अजून दीड बोट लांब होतं, तीस तारीख दहा दिवसांवर.

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता मी एकटाच गादीवर गुडघे टेकून बसलो. ती आली. तक्ता उचलला.

"तुमच्यासाठी नाही मोजत," ती म्हणाली. "बाबांनी ते वासरू विकलं तेव्हा मी रडले होते. त्या वासरासाठी मोजते. चला. गा!"

खरं सांगतो, त्या दिवशी मी चौदाचे अठ्ठावीस केले. आणि एकदाही कण्हलो नाही.

तीस तारीख उजाडली. मी श्वास आत ओढला, सुनदोकनं माझ्या पाठीला गुडघा लावून पँट ओढली, आणि बटण लागलं! देवाशपथ लागलं! दोघंही घामाघूम. मी लाकडी फळीसारखा ताठ चालत बैठकीत गेलो. वाकायचं नाही, बसायचं नाही, शिंकायचं तर मुळीच नाही.

आत ओळ लागलेली. ग्वाक वहिनीही होत्या, नटून. बसता येईना म्हणून मी भिंतीला टेकून उभा राहिलो. समोर तोच छापील कागद डकवलेला. (कडेला हवा राहिली होती. चुकीचा डकवला होता.) सहज नजर गेली. आणि काय सांगू, पहिल्यांदाच त्या अक्षरांच्या मुंग्या हलेनात. जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि मला नावं सांगायला लागल्या. मी बोट ठेवलं.

"फो... टो... छाती... पर्यंत... च..."

वाचता येत होतं! एकाहत्तर वर्षांत पहिलं वाक्य! मी पुढं गेलो.

"...काढला... जाईल. खाली... काही... ही... घातलं... तरी... चालेल."

मी ओळीकडं वळून बघितलं. वर कोट, टाय, मोत्यांच्या माळा. खाली पायजमे, झोपायच्या चड्ड्या, रबरी चपला. एक जण तर गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घालून आला होता. अख्ख्या बैठकीत पूर्ण पँट घातलेला गाढव मी एकटा.

"सुनदोक," मी म्हणालो, "हे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. सांगत होते. तुम्हीच म्हणालात, कागद वाचून दाखवू नकोस." आणि मग ती हसली. न्हाणीघराचं, उशीवरच्या चिठ्ठीचं, सगळं साठलेलं हसली. "आज तुम्हीच वाचलंत की."

तेवढ्यात फोटोवाल्यानं माझं नाव पुकारलं. मी स्टुलावर बसलो. म्हणाला, आजोबा, गंभीर चेहरा करा. मी केला. पण समोर सुनदोक उभी, तोंडावर हात, खांदे हलतायत. माझ्या पोटात कुठूनतरी हसू सुटलं, आणि अठ्ठेचाळीस वर्षांचं ते बटण टण्णकन उडून फोटोवाल्याच्या दिव्यावरच्या छत्रीला लागलं. त्याच क्षणी त्यानं कळ दाबली.

"परत काढू," तो म्हणाला. फोटोत मी तोंड उघडून हसत होतो, सोन्याचा दात बाहेर, सासऱ्यांचा कोट मात्र झकास.

"परत नको," सुनदोक म्हणाली. "हाच. मी एकटी राहिले तर रोज कुणाकडं बघायचंय मला?"

मी पँट धरून उभा राहिलो.

मग ती साळसूदपणे ग्वाक वहिनींकडं वळली. "बघा ना ताई! इतके आठवडे त्या पोटाच्या यंत्रावर घाम गाळला ह्यांनी, आणि फोटो छातीपर्यंत!"

ग्वाक वहिनींनी हळूच विचारलं, "यंत्र? कसलं यंत्र?"

बैठकीत सगळे ऐकत होते. मी सांगितलं. वहिनींनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाल्या, "भावजी, बैल म्हणून खाल्लेत. आता बैलासारखं राबा."

मी सगळ्यांचा ऋणी आहे हो. वासरू विकणाऱ्याचा, मोजणारीचा, त्या यंत्राचासुद्धा, त्यावर हल्ली मुळ्याची पानं फार छान वाळतात. वहिनींचा तर आहेच. म्हणून दोन दिवस त्यांच्या घरी शिडीवर चढून धपधप करत होतो, छताशी मान मोडून "आई गं, मेलो" करत होतो, आणि वरून सुनदोक जमिनीवर मुसळ ठोकून ओरडत होती, "अहो, हळू! मी मोजायला येऊ का?" शुक्रवारी न्हाणीघरात तिनंच सगळ्यांना सांगितलं, आमचे हे सध्या ग्वाक ताईंकडं असतात.

तर अकरा ऑक्टोपसची किंमत: दोन खोल्यांच्या भिंती आणि एक छत. कागद माझा, खळ माझी, आणि फुलांचा नमुना, मेला, सगळ्यात महाग.