शेवंती दचकेपर्यंत

आभाळात ढगाचा पत्ता नसताना सोपानमामा काखेत छत्री घेऊन फिरायचे. पावसासाठी नव्हे. कुणी फार शांत उभं दिसलं की त्याच्या तोंडासमोर ती फटकन उघडायचे. बैल, घोडं, बँडवाला, एकदा तर नव्या कचेरीतला साहेब. साहेब खुर्चीसकट मागे सरकला. मामा म्हणाले, "व्हय, साहेब खरे हायेत."

दचकेल तो खरा, असा त्यांचा हिशेब. वरातीला घोडी भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा. तरुणपणी माळेगावच्या जत्रेतून त्यांनी गायीसारखं गरीब घोडं आणलं. विकणाऱ्यानं त्याला आधीच गुंगीची सुई टोचलेली. तिचा असर उतरला तो नेमका औशाच्या वरातीत. घोडं बँडात घुसलं, नवरदेव मांडवाच्या खांबाला लटकला. इथपर्यंत मामा हसत सांगायचे. त्या पोराचा पाय कायमचा अधू झाला, हे सांगताना मात्र नुसती छत्रीची मूठ चोळत बसायचे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, सरकारी इमारती उठत होत्या. मी सातवीतून शाळा सोडलेला, चंद्रपूरकडून गिलाव्याच्या कामाला आलेलो. ओळख ना पाळख. झोपायचं कुठं या घोरात मामांच्या दारापुढं उभा होतो, तर फटकन छत्री. मी कोरड्या गटारीत पडलो.

"ऱ्हा इथंच," मामा म्हणाले. घोडीशेजारची खोली मला मिळाली. ते उपकार फिटायचे नाहीत. तरी उद्या हाकलतील, या भीतीनं मी वर्षभर पिशवी भरूनच ठेवली होती.

घोडीचं नाव शेवंती. बँड, फटाके, कशाचं तिला भय नव्हतं, पण छत्री उघडली की ती दोन पायांवर उभी राहायची. मामा रोज सकाळी घराबाहेर पडताना छत्री उघडायचे, ती उसळायची, मग दिवस सुरू व्हायचा.

दुष्काळात लग्नं कमी झाली. कडबा दिसेना. टँकरचं पाणी आधी शेवंतीला, उरलं तर आम्हाला. माझ्या हातून थेंब सांडला तरी मामा शिव्या घालायचे. उपाशी घोडी चिडकी झाली, लाथा झाडू लागली. तेवढ्यात बाबू दलालानं उदगीरचं गिऱ्हाईक आणलं.

"मामा, ही अशी पिसाळल्यावानी कराय लागली तर कोण घेईल? माणसांच्या दवाखान्यात डोकं फिरलेल्याला देतात, ती सुई हाय माझ्याकडं. एकदा टोचली की लई दिवस गप."

मामांनी शेवंतीच्या वर आलेल्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्याच्या हिरीला पाणी हाय नव्हं?"

"हाय की. भरपूर."

मामांनी स्वतः तिची मान धरली. बाबूनं सुई टोचली.

गिऱ्हाईक आलं तेव्हा शेवंती मान टाकून उभी होती. खालचा ओठ लोंबत होता. डोळ्यांच्या कडेला माशा बसल्या होत्या, त्या ती हाकलत नव्हती.

"देवळातल्या मूर्तीवानी हाय की," उदगीरकर खूष झाला.

मामांनी छत्री उघडली. शेवंती हलली नाही. मिटली, परत उघडली. तिच्या नाकाला काडी लागली, तरी नाही.

"न्हाई विकायची," मामा म्हणाले.

गिऱ्हाईक गेलं. मामांनी बाबूची बाही धरली. "उतरवायची सुई दे."

"तशी नसती, मामा. आपसूक उतरंल तवा उतरंल."

तेव्हापासून मामा तिच्यापाशीच बसून राहिले. पंच्यानं माशा हाकलायचे, पाणी ओंजळीनं पाजायचे. सकाळी छत्री उघडायचे, बघायचे, मिटायचे. एकदा भाकरी घेऊन गेलो तर म्हणाले, "तुझी मामी गेल्यापास्नं मी आलो काय अन् गेलो काय, कान टवकारणारी हीच एक. अन् मीच तिचे कान बंद केले."

मी त्यांच्याजवळ भाकरी ठेवली.

पुढं एका सकाळी मी टँकरवरून भरलेली बादली आणून तिच्यापुढं ठेवली. मामांनी सवयीनं छत्री उघडली. शेवंतीचे कान ताठ झाले. ती मागे उसळली, बादली लाथेनं उडाली, सगळं पाणी मातीत गेलं.

मी घाबरून बादली सावरायला धावलो.

"सांडू दे," मामा म्हणाले. मग छत्री हळूच मिटून त्यांनी ती खुंटीला अडकवली.