पडद्यावरचे भिकाजीकाका

"नरहरराव खोटां कधी दाखवचे नाय! आपलो शब्द!" असे सहदेव शिंपी मशीन चालवता चालवता मालवणच्या अर्ध्या बाजाराला सांगून चुकला होता. दिग्दर्शक नरहरराव म्हणजे त्याचे दैवत. आणि या दैवताने चित्रपट काढला होता कोणावर? तर सहदेवच्या सख्ख्या काकांवर, दशावतारात उभी हयात घालवून वारलेल्या भिकाजींवर! आठ दिवस सहदेवचे पाय जमिनीला लागले नाहीत.

तंबूत सिनेमा लागला त्या दिवशी त्याने काकांच्या विधवेला, यमुनाकाकीला, हाताला धरून अगदी पुढे बसवले. शेजारी काकांचा जुना दोस्त मिंगेल. मागे घाटावरून बदलून आलेला हवालदार, डुलक्या काढत.

पडद्यावर काका आले आणि काकीने झटकन पदर डोक्यावर ओढून मान खाली घातली!

"काकी, तो काका न्हय गे, नट तो!"

"सोंग घेतल्यान मां? मगे तोच!" दशावतारी नटाच्या बायकोला आणखी काय शिकवणार!

पडद्यावरचे काका रणवेशात गरजले तेव्हा सहदेवला रडूच कोसळले. पण पुढच्याच क्षणी ते बायकोला विचारू लागले, "जेवलीस का गं?" सहदेव रडता रडता थांबला. काकांच्या तोंडून हे वाक्य घरातल्या मांजरानेही ऐकले नव्हते! आता हा सिनेमा चांगला म्हणावा की वाईट? डोळे एक सांगत होते, डोके भलतेच.

तेवढ्यात काकांनी पुढे आलेला प्याला भिरकावला. "या ओठांना दारूचा थेंब शिवलेला नाही!"

मिंगेलला हे सोसवेना. तो ताडकन उठला. "मगे वीस वर्सां माझी फेणी काय भुतां पियत होती?"

हशा उसळला आणि तिथेच विरला. कारण दिवस दारूबंदीचे होते आणि हवालदार जागा झाला होता!

"फेणी? कुणाची फेणी?" त्याने मिंगेलची कॉलर धरली.

"सहदेवा, सांग रे बाबा कायतरी!" मिंगेल गयावया करू लागला.

हवालदार सहदेववर गुरकावला, "सिनेमा खरा की खोटा? खरा असेल तर याने थट्टा केली. खोटा असेल तर हा आत!"

सहदेवची बोबडी वळली. खोटा म्हणावे तर मिंगेल गजाआड. खरा म्हणावे तर ज्यांनी त्याला खांद्यावर बसवून नाटकांना नेले, ते फेणीचा वास येणारे काका कुठे गेले?

"पिच्चर खरो आसा... म्हणजे, काका तसो नव्हतो... म्हणजे पिच्चर खरो, काका खोटो!"

हवालदाराने कपाळाला हात लावला आणि काकीकडे वळला. "बाई, तुमचे मालक असेच होते?"

काकीने मान वर केली. पडद्यावर काका बायकोच्या पानात स्वतःच्या हाताने भात वाढत होते. ती बघतच राहिली.

"असोच होतो," ती ठामपणे म्हणाली. "दारू नाय, शिवी नाय. माका इचारल्याबिगर जेवाक नाय!"

कॉलर सुटली. मिंगेल सिनेमा अर्धा टाकून पळाला.

बाहेर पडल्यावर सहदेव गहिवरला. "काकी, मिंगेलाक वाचवलंस गे! त्याच्यासाठी चार लोकांत खोटां बोललंस!"

"मिंगेलासाठी? जळो तो मेलो!" काकी कडाडली. "उद्या माका परत घेवन ये. घोवान जल्मात पयल्यांदा इचारल्यान, जेवलंस काय म्हणान. आणि फुडे काय इचारल्यान, ता तुमी मेल्यांनी ऐकाक दिलास नाय!"