यादीतलं सातवं गाणं

रविवारी सकाळी पावणेनऊला वहीवाले आपली वही उघडून बसले होते आणि वहीत सातव्या आकड्यापुढे काहीच नव्हतं. सहावं गाणं होतं, आठवं होतं, तिथून थेट चौदाव्यापर्यंत सगळी गाणी ओळीनं लागली होती. मधे तेवढा एक पांढरा पट्टा. 

"चहा दुसऱ्यांदा गरम केलाय," बायको म्हणाली. "आता तिसऱ्यांदा नाही करणार."

वहीवाल्यांचं चष्म्याचं दुकान होतं. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, पाव नंबरचाही फरक पडू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. पण त्यांचा जीव अडकला होता तो ताईंच्या गाण्यात. ताई लोकगीतांच्या वळणाची गाणी स्वतः रचत, गिटारवर स्वतःच गात, आणि प्रत्येक मैफिलीत आपल्या गाण्यांच्या जोडीला दुसऱ्यांची तीन-चार जुनी गाणी म्हणत. या दुसऱ्यांच्या गाण्यांना चाहते 'उसनी गाणी' म्हणायचे. उसनं कोणतं, मूळ कुणाचं, ताईंनी त्यातलं कोणतं कडवं गाळलं आणि का गाळलं, यावर चाहत्यांचा तीनशे चाळीस जणांचा ग्रुप आठवडा आठवडा भांडू शकत असे.

भांडण मिटायचं ते वहीपाशी. कारण ताईंचा नियम कडक होता. मैफिलीत फोन बंद, ध्वनिमुद्रण नाही. गायलेलं हवेत जायचं आणि मागे उरायचं ते फक्त वहीत. ताईंची गाणी निळ्या शाईत, उसनी लाल शाईत, आणि मैफिलीच्या दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला यादी ग्रुपवर. चौदा वर्षं, एकशे सत्त्याऐंशी मैफिली, एकही जागा रिकामी नाही. दुकानात गिऱ्हाईक त्यांना 'अहो चष्मेवाले' म्हणून हाक मारी, घरी तर हाक मारायचीही गरज नसे. माणूस म्हणून कुणी त्यांची वाट बघत असेल तर ती या नऊच्या ठोक्याला, आणि हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

आणि काल खोकला आला. सहावं गाणं संपता संपता घशात जे खवखवलं ते थांबेना. ताईंच्या मैफिलीत कुणी खोकलं तर लोक वळून बघतात, आणि पुढच्या मैफिलीपर्यंत बघतच राहतात. वहीवाले रुमाल तोंडात कोंबून वाकत वाकत बाहेर पळाले. बाहेरच्या पाण्याच्या यंत्रावर कागद चिकटवला होता, 'पाणी संपले आहे'. तिथंच भिंतीला धरून त्यांनी पोटभर खोकून घेतलं आणि परत फिरले, तर दारावरचा माणूस आडवा आला.

"गाणं चालू आहे. संपल्यावर सोडतो."

"अहो, मी वहीवाला आहे."

"असाल," दारावरचा माणूस म्हणाला.

दार जाड होतं. आतून नुसती गुणगुण ऐकू येत होती, शब्द एकही नाही. मग टाळ्या पडल्या, दार उघडलं, आणि वहीवाले आपल्या खुर्चीवर येऊन बसेपर्यंत आठवं गाणं सुरू झालं होतं.

"विचारा की कुणाला तरी," बायको म्हणाली. "हॉल भरला होता ना?"

"कुणाला विचारू? दातांच्या डॉक्टरांना?"

 दातांचे डॉक्टर वहीवर टपून होते, हे बायकोलाही माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी वहीत 'पारंपरिक' म्हणून नोंदलेल्या एका गाण्याचा कर्ता त्यांनी शोधून काढला होता आणि तेव्हापासून दर महिन्याला ते गोड आवाजात म्हणत, "वही आता माझ्याकडे द्या. तुमच्यावर किती भार टाकायचा आम्ही?" सातवी ओळ रिकामी दिसली की वही गेलीच म्हणायची.

आठ वाजून बावन्न मिनिटांनी वहीवाल्यांनी ग्रंथपाल बाईंना फोन लावला. काल त्या पहिल्या रांगेत होत्या.

"कालचं सातवं कसं वाटलं तुम्हाला?" त्यांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

 "वेगळंच होतं, नाही?" बाई म्हणाल्या. "म्हणजे... तुम्हाला कसं वाटलं?"

"वेगळंच," वहीवाले म्हणाले. "उसनं म्हणायचं ना ते?"

"उसनंच असणार. जुनं वाटत होतं खूप. तुम्ही काय लिहिलंत?"

"लिहितोच आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. एवढा चतुरपणा करून हाती लागलं ते इतकंच, की गाणं जुनं आहे, उसनं आहे आणि ग्रंथपाल बाईंनाही ते ओळखता आलेलं नाही. आठ अठ्ठावन्न झाले होते. डोळ्यांपुढून तो यंत्रावरचा कागद हलत नव्हता. वहीवाल्यांनी लाल पेन उचललं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा न ऐकलेलं गाणं लिहिलं, 'पाणी सरलं गं बाई. पारंपरिक.' नऊच्या ठोक्याला यादी गेली.

वेळ मारून नेली असं त्यांना जेमतेम चार मिनिटं वाटलं.

"अगदी बरोबर. नाव जिभेवर होतं, आठवतच नव्हतं," ग्रंथपाल बाईंनी लिहिलं. मग काल हॉलमध्ये असलेल्या आणखी सात-आठ जणांनी भराभर माना डोलावल्या. कुणी म्हणालं, ओळखीचं वाटत होतं. कुणी म्हणालं, अंगावर काटा आला. वहीवाले प्रत्येक निरोप वाचत होते आणि त्यांना घाम फुटत होता. खोटं पकडलं जाण्याची भीती त्यांना होती, पण ते असं मान्य होईल ही कल्पनाच त्यांनी केली नव्हती. सगळ्यात शेवटी दातांचे डॉक्टर आले.

"नोंद बरोबर आहे," त्यांनी लिहिलं. "मात्र ताईंनी चौथं कडवं गाळलं, हे वहीत यायला हवं होतं."

वहीवाल्यांनी फोन उताणा होता तो पालथा ठेवला.

सोमवारपर्यंत जे शनिवारी हॉलमध्ये नव्हते ते चौथं कडवं मागू लागले. मंगळवारी एकानं कळवलं की त्याची आजी हे गाणं दळताना म्हणायची. बुधवारी दुसऱ्यानं ठणकावलं की हे दळणाचं गाणं नव्हेच, विहीर खणणाऱ्यांचं आहे, आणि ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले. दोन्ही बाजू निकालासाठी वहीवाल्यांकडे बघत होत्या. वहीवाले दुकानात भिंग घासण्याच्या यंत्रापुढे बसून फोनकडे बघत होते.

"अहो, यातून मला जिना वर जाताना खाली जातोय असा दिसतो," एक आजोबा नवा चष्मा घेऊन परत आले. वहीवाल्यांनी तपासलं. डावं भिंग उजवीकडे बसवलं होतं. असं त्यांच्या हातून शिकाऊ असतानाही झालं नव्हतं.

"सांगून टाका ना एकदा," रात्रीच्या जेवणाला बायको म्हणाली. "मी बाहेर होतो म्हणावं. खोकला काय, राजालाही येतो."

"आणि आजीचं काय करू? त्या माणसाची आजी दळताना म्हणायची ते गाणं."

"ती त्यांची आजी, ते बघून घेतील."

पण चूक पहिल्या दिवशी कबूल करणं वेगळं आणि दोन तट पडल्यावर कबूल करणं वेगळं. गुरुवारी दातांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं, की येत्या रविवारच्या चाहत्यांच्या बैठकीत 'पाणी सरलं गं बाई' याच गाण्यावर चर्चा होईल आणि वहीवाले त्यावर वीस मिनिटं बोलतील. शुक्रवारी ग्रंथपाल बाईंचा निरोप आला. "आनंदाची बातमी. ताई स्वतः बैठकीला येणार आहेत. त्यांना वही बघायची आहे. खास सातव्या गाण्याची नोंद."

वहीवाल्यांचं उरलंसुरलं अवसान गळालं. शनिवारभर त्यांनी कबुलीची वाक्यं जुळवली आणि मोडली. खोटं लिहिलं याची लाज होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. ताई चौदा वर्षं रंगमंचावरून त्यांच्या खुर्चीकडे एकदा बघून मगच पहिलं गाणं सुरू करत. उद्या त्या नजरेत काय असेल, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी वाचनालयाच्या वाचन-खोलीत टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पन्नासेक माणसं आली होती. वहीवाले वही छातीशी धरून मासिकांच्या कपाटामागे उभे होते आणि मनात पहिलं वाक्य घोकत होते. तेवढ्यात कपाटाच्या दुसऱ्या बाजूनं ताईच आल्या. जवळून त्या बऱ्याच लहानखुऱ्या दिसत होत्या, आणि त्यांचा चेहरा वहीवाल्यांपेक्षाही उतरलेला होता.

"मला तुमच्याशी एकांतात बोलायचं होतं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "ते सातवं..."

"ताई, मी सांगतो."

"नाही, आधी मला बोलू द्या, नाहीतर धीर व्हायचा नाही. माझेच शब्द विसरले मी. माझंच गाणं, वीस वर्षं गातेय, आणि पहिली ओळच आठवेना, मग चालही हातातून गेली. चार मिनिटं नुसती गुणगुणत बसले. तारा छेडल्या, परत गुणगुणले. घरी गेले तेव्हा वाटलं, आता सगळीकडे बोभाटा होणार, बाई विसरायला लागली म्हणून. सकाळी ग्रुपवर तुमची यादी वाचली." त्यांनी डोळे टिपले. "तुमच्या कानातून काही सुटत नाही, हे मला माहीत नाही का? तुम्हाला सगळं कळलं, आणि तुम्ही मला झाकलंत. गाण्याला नाव देऊन झाकलंत. असं कुणी करतं का कुणासाठी?"

  वहीवाल्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोलून टाकलं.

"ताई, मी त्या वेळी हॉलमध्ये नव्हतो. बाहेर खोकत होतो. पाण्याच्या यंत्रावर कागद होता, पाणी संपलंय म्हणून."

 ताईंनी तोंडावर हात दाबला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत की काय म्हणून वहीवाले घाबरले, पण त्या हसत होत्या, आणि हसता हसता कपाटाला टेकल्या होत्या.

"मग हे त्यांना कशावरून ओळखीचं वाटलं? आणि ती आजी?"

"ते मलाही कळलेलं नाही," वहीवाले खरं तेच म्हणाले. "आज मी उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे."

"अजिबात सांगायचं नाही," ताई एकदम गंभीर झाल्या. "तुम्ही बाहेर होतात म्हणालात, की मी आत काय करत होते ते आलंच. तुमची वही जाईल आणि माझ्या मैफिली. शिवाय आठवडाभर मला सगळे ते गाणं मागताहेत. काय करणार, बसले आणि लिहिलं." त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "चार कडवी आहेत."

कपाटापलीकडे दातांचे डॉक्टर वहीवाल्यांच्या नावानं हाका मारू लागले होते. पण भाषणाची वेळ आलीच नाही. वहीवाले कपाटालगतच्या खुर्चीवर डॉक्टरांशेजारी जाऊन बसले. ताई पुढे जाऊन बसल्या, मांडीवर गिटार घेतलं, मासिकांच्या कपाटाकडे एकदा बघितलं आणि गायला सुरुवात केली. पाणी सरलं, वाट उरली, घरी सांगू काय, असं ते गाणं होतं. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पुष्कळ जण माना हलवत होते, दोघं-तिघं तर बरोबरीनं ओठही हलवत होते.

दुसऱ्या कडव्यात वहीवाल्यांच्या घशात खवखवलं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि जागेवर बसून राहिले. या गाण्याला बाहेर जाणं आता या जन्मात शक्य नव्हतं. त्यांनी श्वास कोंडला, ओठ आवळले, वही पोटाशी दाबली. तिसऱ्या कडव्याला चेहरा लाल झाला, चौथ्याला डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या तेव्हा कुठे त्यांनी टाळ्यांच्या आवाजात खोकून घेतलं.

मग त्यांनी वही उघडली. निळं पेन घेतलं, थांबले, ते ठेवून लाल घेतलं, पुन्हा थांबले. हे गाणं ताईंचं होतं की उसनं, आणि उसनं असेल तर ते कुणाकडून, याचा निर्णय चौदा वर्षांच्या अनुभवावरून होत नव्हता. एवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून एक स्वच्छ पांढरा रुमाल पुढे आला. दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे पहिल्यांदाच मायेनं बघत होते.

"पुसा डोळे," डॉक्टर म्हणाले. "वही तुमच्याकडेच असू द्या. त्या शनिवारीसुद्धा या गाण्याला तुम्ही असेच रडत बसला होतात. मी पूर्ण वेळ तुमच्याकडेच बघत होतो."